मिनिटाला बारा थेंब

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर सायकलच्या चाकात हवा भरणारा तो फुसफुस करणारा बारीक प्राणी तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर आधी त्याला बाजूला ठेवा. तो माझा लांबचा नातेवाईक आहे, पण आमचं येणंजाणं नाही. मी तीन दट्ट्यांचा, दोन माणसांना न उचलवणारा, भरभक्कम पंप. पाण्याच्या टाकीच्या गाडीवर बसून मी शहरातली तुंबलेली गटारं मोकळी केली. एक-दोन वर्षं नव्हे, तब्बल एकोणीस वर्षं. सध्या गाड्यांच्या आवारातल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये एका लाकडी घोडीवर माझा मुक्काम आहे. नव्या माणसांना आतलं दिसावं म्हणून माझ्या एका कुशीचं झाकण काढून ठेवलंय. सुरुवातीला फार लाज वाटायची. आता काही वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्म म्हणजे काय, आधी ओतकाम, मग घासकाम, मग भोकं पाडणं, असे हाल सोसत सोसत मी आकाराला आलो. माझ्या पोटात तेलात बुडालेला एक दांडा फिरतो आणि तो तीन दट्ट्यांना पुढेमागे ढकलतो. दट्टे पांढरेशुभ्र, चिनीमातीच्या कपासारखे गुळगुळीत. एक मागे गेला की पाणी आत ओढतो, पुढे आला की तेच पाणी बाहेर रेटतो, आणि तिघांनी पाळीपाळीने हे केलं की धारेला खंड पडत नाही. ती धार एवढ्या जोराची असते की बोट मध्ये आलं तर कातडी फाडून आत जाईल. म्हणून माझ्याशी कुणी मस्करी केलेली मला आवडत नाही. कारखान्यातल्या तपासनिसाने माझ्यावर पितळी पट्टी ठोकली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पठ्ठ्या आहे हा." ते कौतुक मी जन्मभर जपून ठेवलं. कौतुकाची मला जरा जास्तच हौस आहे, हे आधीच कबूल करतो, कारण पुढे त्याच हौसेने माझा घात केला.

मला गाडीवर बसवलं त्या दिवशी आवारात तीन माणसं माझ्याभोवती उभी होती. पहिले मिस्त्री. बुटके, गंभीर, खिशात कायम एक लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. दुसरा ड्रायव्हर. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण तो जेवायचाही गाडी सुटल्यासारखा. आणि तिसरे लांबूकाका. उंचीमुळे ते नाव पडलेलं. दिवसातून पाच वाक्यं बोलले तर डोक्यावरून पाणी.

माझ्या येण्याआधी लांबूकाकाचं काम काय होतं, ते मला हळूहळू कळलं. गटार तुंबलं की झाकण काढायचं, अंगातला शर्ट काढायचा, लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरायचं आणि काठीने, फावड्याने, प्रसंगी हाताने अडकलेली घाण सोडवायची. खाली नुसती घाण नसते, मित्रांनो. खाली एक वायू साचतो. त्याचा वास कधी कुजक्या अंड्यासारखा येतो, तर कधी त्याचा वासच येईनासा होतो, आणि तेव्हा तो जास्त वाईट असतो. लांबूकाकाचे थोरले भाऊ असेच एका सकाळी उतरले. 'दोन मिनिटांत येतो' म्हणाले होते. त्यांना वर आणलं तेव्हा लांबूकाकानेच त्यांचे हात धरले होते.

मी आल्यावर कुणाला खाली उतरायची गरज उरली नाही. माझ्यापासून एक लांब जाड नळी निघते आणि तिच्या टोकाला नोझल असतं. त्याची भोकं मागच्या बाजूला असतात. पाणी मागे उसळतं आणि नोझल पुढे पळतं, घाण फोडत फोडत नळीला ओढून नेतं. लांबूकाका वर उभे राहून नळी सोडायचे, मी खाली झुंजायचो. माझ्या पहिल्या आठवड्यात एक दिवस त्यांच्या घरच्या काकू आवारात आल्या. काकू बोलायला मोकळ्या, दोघांच्या वाट्याचं एकट्याच बोलत. पण त्या दिवशी त्या आधी माझ्यापाशी आल्या. नुकतंच काम करून आल्याने माझं अंग कोमट होतं. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"भावजी," त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "यांनी मला शब्द दिलाय. पुन्हा कधी खाली उतरणार नाही म्हणून. पण यांचा शब्द या यंत्राच्या जिवावर आहे. हा बंद पडला तर?"

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरी निर्धास्त झोपा. याचा कान माझ्या हातात आहे."

आणि खरोखर, मिस्त्रींनी माझा कान सोडला नाही. रोज सकाळी ते स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगावर टेकवायचे आणि मूठ स्वतःच्या कानाला लावायचे. डॉक्टर छाती तपासतो ना, अगदी तसं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की म्हणायचे, "याला तहान लागलीय. हवा ओढतोय." मग टाकीकडून येणाऱ्या नळीतली जाळी काढून धुवायचे. त्यात कधी पाला निघायचा, कधी प्लॅस्टिकची पिशवी. दाबाच्या घड्याळाचा काटा थरथरू लागला की म्हणायचे, "झडपेत खडा अडकला." आणि झडप उघडली की खडा निघायचाच, मुगाच्या दाण्याएवढा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं की कपाळावर आठी. तेलात पाणी शिरलं म्हणजे पोट बिघडलं. माझ्या बाबतीत त्यांनी अंदाजपंचे काही केलं नाही. आधी ऐकायचं, मग बघायचं, मग हात लावायचा.

पण माझी एक सवय पाहुण्यांना खटकायची. मी थोडा गळायचो. दट्टा जिथून आतबाहेर करतो तिथे त्याच्याभोवती दोरीसारख्या विणलेल्या कड्या बसवलेल्या असतात. त्यांना पॅकिंग म्हणतात. त्यावर एक मोठा नट असतो. नट आवळला की कड्या दट्ट्याला घट्ट बिलगतात. त्या फटीतून थेंब थेंब पाणी बाहेर येतं. तो थेंब म्हणजे माझा घाम म्हणा. त्यानेच दट्टा थंड राहतो, त्यानेच त्याला ओल मिळते. मिस्त्री घड्याळ धरून मोजायचे. प्रत्येक दट्ट्यामागे मिनिटाला दहा-बारा थेंब पडले की त्यांचा चेहरा खुलायचा. वीस पडले तर नट नखभर आवळायचे, पाच पडले तर नखभर सैल करायचे.

"थेंब पडतोय तोवर पंप जिवंत आहे," ते तुफानला सांगायचे. "थेंब थांबला की मला बोलवायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही."

तुफान म्हणायचा, "हो मिस्त्री." पण हे त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं की एका कानातून शिरून दुसऱ्या कानाने निघूनही जायचं.

अशी आठ वर्षं गेली. मग मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया ठरली, डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. जाताना त्यांनी माझे थेंब मोजले, तुफानला तीच जुनी सूचना पुन्हा दिली आणि निघाले.

त्याच सुमारास आवारात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. कष्टाळू होता, वेळेवर यायचा, कुणाला अरे-तुरे करायचा नाही. त्याला फक्त स्वच्छतेचं वेड होतं. वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून त्याने आवाराच्या जमिनीला राखाडी रंग लावून घेतला. आणि त्या कोऱ्या रंगावर, बरोबर माझ्या खाली, एक डबकं.

"हे काय? गळतंय का हे?"

"मिस्त्री म्हणतात गळू द्यावं, साहेब," तुफान म्हणाला.

"गळू द्यावं? लोकांच्या गळत्या आपण बंद करायच्या आणि आपलाच पंप गळतोय! पाहुणे काय म्हणतील?"

मागे उभे असलेले लांबूकाका म्हणाले, "गळू द्या, साहेब. ते बरं असतं." पण त्यांचा आवाज असा की शेजारच्यालाही दोनदा विचारावं लागायचं. कुणी विचारलं नाही.

तुफानने पाना घेतला. जोर यावा म्हणून पान्याच्या दांड्यावर पाइपाचा तुकडा चढवला आणि माझे तिन्ही नट असे आवळले की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. थेंब थांबला. डबकं पुसलं गेलं. माझ्या अंगावरून ओला फडका फिरला, पितळी पट्टी लखलखली. पाहणीला आलेले वरिष्ठ माझ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "वा! नवीन घेतला काय?"

आणि मी? खरं सांगू? मी फुगलो. दट्ट्यांना कड्या टोचत होत्या, तरी मी फुगलो. आठ वर्षं गळका पंप म्हणून माझ्याकडे बघून नाक मुरडलं गेलं होतं, आता लोक मला नवीन म्हणत होते. मला बोलता येत असतं तरी त्या दिवशी मी तक्रार केली नसती. यात साहेबांइतकाच, तुफानइतकाच माझाही दोष आहे.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. काम सुरू झालं की दट्टे तापायचे. कड्या करपू लागल्या, जळक्या दोरीचा वास सुटला. मी बारीक, उंच आवाजात किंचाळत होतो. तुफानला वाटलं, इंजिनाचा पट्टा वाजतोय. तो गाणं म्हणत गाडी चालवत राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी निरोप आला. बाळंतिणींच्या इस्पितळासमोरचं मोठं गटार तुंबलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा काळं पाणी रस्त्यावरून इस्पितळाच्या पायरीला लागलं होतं. तळमजल्यावर खाटा होत्या, खाटांवर बाया होत्या, काहींच्या कुशीत एक-दोन दिवसांची बाळं होती. तुफानने घाईघाईत नळी जोडली, लांबूकाकाने नोझल खाली सोडलं आणि मी जीव खाऊन सुरू झालो.

गाडीची टाकी अर्धीच भरलेली होती. ती संपली तेव्हा तुफान एका मोटारवाल्याला गाडी हलवायला सांगत होता. त्यांचं तू-तू मी-मी चाललं आणि मी तेवढा वेळ कोरडाच धावत राहिलो. पाणी नाही, थेंब नाही, नुसती घासाघाशी. दट्टे तव्यासारखे तापले. तुफान धावत आला, त्याने इस्पितळाच्या नळाची नळी टाकीला जोडली, आणि ते थंडगार पाणी माझ्यात शिरलं. तापलेल्या काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतलं तर काय होतं? तेच झालं. माझा एक नंबरचा दट्टा ताडकन चिरला. दाबाच्या घड्याळाचा काटा दीडशेवरून घसरत घसरत चाळीसवर आला. खाली नोझल जिथल्या तिथे आडवं झालं.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. आवारातल्या दुसऱ्या गाडीची चाकं काढून ठेवलेली होती. पाणी पायरी चढून उंबऱ्याला लागलं. नवे साहेब धावतपळत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी कुणाला काही हुकूम केला नाही. एवढंच विचारलं, "हा पंप यायच्या आधी तुम्ही लोक कसं करायचात?"

सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

लांबूकाकाने शर्ट काढला. नीट घडी करून गाडीच्या पायरीवर ठेवला. मनगटावरचं घड्याळ काढून तुफानच्या हातात दिलं. "हे धर. काकूंना सांगू नकोस," ते म्हणाले. "दोन मिनिटांत येतो."

मित्रांनो, हे शब्द या घरात पूर्वी एकदा कुणी उच्चारले होते, ते मी तुम्हाला सांगितलंय. लांबूकाकाच्या ते लक्षात आलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी भोकाच्या काठाला हात टेकले, एक पाय पहिल्या लोखंडी पायरीवर ठेवला, मग दुसरा दुसऱ्या पायरीवर. मी गाडीवर बसलेला बिनकामाचा लोखंडाचा गोळा. माझ्यात एक थेंब जोर उरला नव्हता. आठ वर्षांपूर्वी माझ्यावर ठेवलेला तो तळहात मला आठवला आणि वाटलं, मला आत्ताच्या आत्ता भंगारात टाकलं तरी चालेल, पण याला वर काढा.

तुफान हातातल्या घड्याळाकडे बघत होता. मग त्याने ते दातांत धरलं, जमिनीवर आडवा झाला आणि दोन्ही हातांनी लांबूकाकाचं मनगट पकडलं.

"सोड, बाबा. बायाबापड्या आहेत आत."

"नाही सोडत!" घड्याळ दातांत असल्याने त्याचं बोलणं अर्धं कळत होतं, पण रडणं पूर्ण कळत होतं. "मी आवळलं ते! मिस्त्री सांगून गेले होते आणि मी पाइप लावून आवळलं! माझ्या चुकीवर तुम्ही नाही उतरायचं, काका!"

साहेब दोघांकडे बघत राहिले. "आवळायला मी सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले.

एवढ्यात इस्पितळाच्या मोठ्या सिस्टरबाई घोट्याएवढ्या पाण्यातून बाहेर आल्या. अंगाने दणकट, हातात टॉर्च. "किती वेळ लागणार आहे?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी खरं ते सांगितलं. "पंप दुरुस्त करायचा तर दोन-तीन तास. नाहीतर हा माणूस खाली उतरेल."

सिस्टरबाईंनी त्या भोकात टॉर्च मारला. मग लांबूकाकाकडे बघितलं, छातीपर्यंत बाहेर, बाकीचे आत. "आधी हा माणूस वर घ्या," त्या म्हणाल्या. "बाळंतिणी आम्ही पहिल्या मजल्यावर नेतो. माझ्याकडे जिने आहेत. मला फक्त हात द्या."

मग जे झालं ते मी गाडीवरून बघितलं. आमची माणसं, समोरचा औषधवाला, झेरॉक्सवाल्या ताई, आणि मघाशी तुफानशी भांडलेला तो मोटारवालाही. एकेका खाटेला चार चार जण लागले. लांबूकाका उंच म्हणून जिन्यावर खालची बाजू त्यांच्याकडे. बाळं मात्र सिस्टरबाईंनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाहीत. कुणी कुरकुरलं, कुणी घसरलं, एका नवऱ्याने साहेबांना दोन शब्द सुनावलेही. पण खाली कुणी उतरलं नाही.

साहेबांनी फोन केला होता. तासाभरात एक भाड्याची गाडी येऊन थांबली आणि तीतून मिस्त्री उतरले. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, त्यावर काळा चष्मा. मागोमाग मिस्त्रीणबाई, हातात औषधाची बाटली.

"दर दोन तासांनी थेंब घालायचेत यांच्या डोळ्यात, आणि हे निघाले पंप बघायला!" बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

"डोळा बांधलाय, कान नाही बांधले," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला हळू वेगाने दोन श्वास चालवायला सांगितलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. मग नाक पुढे करून वास घेतला. "एक नंबर चिरला. कड्या तिन्हीकडच्या जळाल्या. कुणी आवळलं?"

"मी," तुफान म्हणाला.

मला वाटलं, आता बॉम्ब फुटणार. मिस्त्री नुसते म्हणाले, "हात दाखव." तुफानने हात पुढे केले. "याच हातांनी सोडवायचं. मला वाकायला बंदी आहे. मी सांगतो, तू कर. आणि आज तुझी घाई घरी ठेवून आलास असं समज."

नवा दट्टा कुठून आणला म्हणाल, तर मिस्त्रींच्या घरच्या कपाटातून. गोदामात ठेवला तर कुणीतरी फोडेल म्हणून त्यांनी तो चार वर्षं चादरींच्या घडीत जपला होता आणि फोन येताच नव्या कड्यांसकट बरोबर घेतला होता. "माझ्या लग्नातल्या चादरी खाली आणि हा वर," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. पण दट्टा फडक्यातून सोडवून तुफानच्या हातात दिला तो त्यांनीच, तान्हं मूल द्यावं तसा दोन्ही हातांनी.

तुफान माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. आधी दाब सोडला. मग नट सोडवले, चिरलेला दट्टा काढला, वाकड्या तारेने जळक्या कड्या उकरून बाहेर काढल्या. काळ्या, कडक, कोळशासारख्या. मिस्त्रींनी त्यातली एक त्याच्या तळहातावर ठेवायला लावली. "वास घे. हा लक्षात ठेव." जागा पुसून झाली. नव्या कड्यांना ग्रीस लावलं. प्रत्येक कडीला एक जोड असतो. ते जोड एका रेषेत आले तर पाण्याला सरळ वाट मिळते, म्हणून एकाचा जोड वर, दुसऱ्याचा डावीकडे, तिसऱ्याचा उजवीकडे. तुफानने एक कडी चुकीची बसवली. मिस्त्रींना ती दिसली नाही, बोट फिरवल्यावर कळली. "काढ. पुन्हा." त्याने काढली, पुन्हा बसवली. जन्मात पहिल्यांदा मी तुफानला सावकाश काम करताना बघत होतो. मधे मिस्त्रीणबाईंनी मिस्त्रींची मान मागे करून डोळ्यात थेंब घातले. तेवढा वेळ सगळं काम थांबलं.

नट शेवटी हाताने बसवले. पान्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. मग मला सुरू केलं, अगदी कमी दाबावर. सगळे माझ्या तिन्ही नटांकडे बघत होते. काही दिसेना. मग एक थेंब आला. लोंबकळला. पडला.

"मोज," मिस्त्री म्हणाले.

तुफानच्या खिशात अजून लांबूकाकाचं घड्याळ होतं. त्याने ते काढलं आणि मोजू लागला. एकेक नट, एकेक मिनिट. पहिल्याला पंधरा आले, नखभर आवळलं. दुसऱ्याला बारा. तिसऱ्याला अकरा. मग हळूहळू दाब चढवला. साठ. शंभर. दीडशे. काटा तिथे ठाम उभा राहिला. लांबूकाकाने शर्ट अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि नळी हातात घेतली.

पाच मिनिटांत खालचा बोळा फुटला. कापूस, फडकी, कशाकशाचा तो गठ्ठा होता. रस्त्यावरच्या पाण्याने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि ते भोवऱ्यासारखं फिरत खाली गेलं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या कौतुकाने मात्र मी फुगलो नाही. मला लाजच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी काकू आवारात आल्या. कुणी सांगू नको म्हटलं की ती बातमी आधी पोहोचते. त्या थेट लांबूकाकापुढे उभ्या राहिल्या.

"किती पायऱ्या उतरला होतात?"

"दोन," लांबूकाका म्हणाले.

मग काकू तुफानकडे वळल्या. तो मान खाली घालून उभा होता. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच त्याच जागी हात फिरवला. "धपाटा आवळल्याबद्दल," त्या म्हणाल्या. "आणि हे मनगट धरल्याबद्दल."

साहेबांनी त्या आठवड्यात माझ्याखाली एक पत्र्याची ताटली बसवून घेतली, थेंब झेलायला. राखाडी जमीनही स्वच्छ राहिली आणि माझा घामही चालू राहिला. इतका सोपा उपाय होता. रोज सकाळी ते स्वतः घड्याळ घेऊन यायचे. मोजताना ओठ हलायचे त्यांचे.

त्यानंतर मी अकरा वर्षं राबलो. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा माझा कान त्यांनी तुफानच्या हातात दिला. तुफान अजून जेवतो भराभर, पण माझ्याजवळ आला की त्याची चाल बदलते. लांबूकाका त्या अकरा वर्षांत एकदाही खाली उतरले नाहीत. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं चाललं." मग ते काकूंबरोबर फाटकातून बाहेर पडले. काकू बोलत होत्या, ते ऐकत होते. दोघंही सावकाश चालत होते, कारण दोघंही म्हातारे झाले होते. म्हातारं होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं. लांबूकाकाच्या थोरल्या भावाला ते जमलं नव्हतं.

मित्रांनो, आता माझं काही मागणं नाही. रंग नको, पट्टी चमकवायला नको. मी बंद पडलो असतो तर माझं काय जाणार होतं? मला वितळवलं असतं आणि माझा दुसरा पंप केला असता. लांबूकाकाचा दुसरा लांबूकाका करता आला नसता. म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या घरातलं, शाळेतलं, रस्त्यावरचं एखादं यंत्र कुरकुरू लागलं, गळू लागलं, तर त्याला गप्प करायची घाई करू नका. जाणत्या माणसाला बोलवा, ते काय म्हणतंय ते ऐका. आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायचा मोह झालाच, तर आधी एक प्रश्न विचारा. हे बंद पडलं तर याच्या जागी कोण उतरणार आहे?